एकच पक्ष ठेवायचा म्हणता, भाऊ?

परवा नागपुरात, बर्डीत तर्री-पोहे खाताना ऐकलं, तुम्हाला एकट्याच्याच पक्षाचं राज्य पाहिजे. लय मस्त. पण निवडणुका बंद करतो म्हणत होते, ते नका करू बाप्पा. ते नवशिक्यांचं काम. निवडणूक घ्यायची, दणक्यात घ्यायची.

आधी कायदा. हिटलरनं १४ जुलै १९३३ ला केला. कलमं दोनच: पक्ष एक, दुसरा काढला की तुरुंग. त्याच नोव्हेंबरात मतदान झालं, यादी एकच, मतं ९२ टक्के. मुसोलिनीनं १९२९ मध्ये 'हो'ची मतपत्रिका तिरंगी छापली आणि 'नाही'ची कोरी पांढरी. लांबूनच ओळखू यावी म्हणून, दुसरं काऊन?

पण खरी कारागिरी पूर्व जर्मनीची. तिथं पक्ष पाच होते! ख्रिश्चनांचा होता, शेतकऱ्यांचाही होता. सगळे एकाच यादीत, जागांची वाटणी मतदानाच्या आधीच. मतदारानं कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. खूण करायची गरजच नाही. लोक मतदानाला 'घडी घालायला जातो' म्हणत. आडोसाही ठेवला होता, पण तिकडं कोण वळलं याची नोंद होई.

आकडा मात्र जपून सांगा. मे १९८९ मध्ये त्यांनी ९८.८५ टक्के जाहीर केले. काही आगाऊ नागरिक मोजणीला जाऊन बसले होते, त्यांची बेरीज जुळेना. नोव्हेंबरात बर्लिनची भिंतच गेली. त्याच महिन्यात रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूला पक्षाच्या अधिवेशनानं एकमतानं निवडलं, आणि २५ डिसेंबरला गोळ्या घातल्या. एकमतात हा एक बारका दोष आहे, विरोधात कोण ते कळतच नाही. उत्तर कोरियात किम जोंग उन यांच्या मतदारसंघात २०१४ मध्ये मतदान १०० टक्के, मतंही १०० टक्के. त्या दिवशी तिथं कोणाला साधा तापसुद्धा आला नसावा.

नागपुरात तुमची अडचण वेगळीच होणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे ईडापीडेचे बाईरूपी पुतळे, आणि सोबत बडगे निघतात. बडग्या म्हणजे वर्षभरात ज्याचा राग आला त्याचा पुतळा, त्याच्या गळ्यात पाटी, आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत सारं गाव मागं. इथं तर ईडापीडेलाही एक पक्ष पुरत नाही. काळी मारबत वेगळी, पिवळी वेगळी, दोघींचे मानकरी वेगळे. बडग्यांची यादी आधी मंजूर करून घ्या म्हणून इतवारीत सांगायला कोणाला तरी पाठवावं लागेल. मला नका पाठवू. त्या दिवशी आमच्या गल्लीचा बडग्या असतो. यंदा कोणाचा करायचा, ते अजून ठरलं नाही.