हातात किती येतात?

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण पाठवणार अशी घोषणा झाली आणि तिथल्या स्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांचे फोन वाजू लागले. नर्सिंग झालेली मुलगी, आयटीआय केलेला वायरमन, जड वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर. ओळख कुठलीही निघो, दुसऱ्या मिनिटाला प्रश्न ठरलेला: हातात किती येतात?

प्रश्न रास्त आहे. उलट परदेशात राहून पगाराचा आकडा विचारला की विषय बदलणारे लोकच मला आवडत नाहीत. तेव्हा सांगून टाकतो. समजा नवख्या कुशल कामगाराला महिन्याला 3,000 युरो पगार ठरला. त्यातून पेन्शनचे 9.3 टक्के जातात, आरोग्य विम्याचे साधारण साडेआठ, बेकारी विम्याचे 1.3, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा वेगळा, आणि वर आयकर. एकट्या माणसाच्या खात्यात एकवीसशेच्या आतबाहेर पडतात. बायको-मुलं गावी ठेवून आलात तरी कर कापला जातो तो अविवाहिताच्याच दराने, कारण लग्नाची सवलत मिळायला जोडीदार साधारणपणे युरोपात राहावा लागतो. हे एजंट सांगत नाही. मग घरभाडं. स्टुटगार्टमध्ये हीटिंग धरून एक खोली सात-आठशेच्या खाली मिळाली तर पेढे वाटावेत. स्थानिक बस-रेल्वेचा देशभर चालणारा पास 63 युरो. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची 18.36 युरो वर्गणी दर महिन्याला द्यावीच लागते. त्यामुळे युरोला शंभराने गुणून ‘तीन लाख पगार’ म्हणणाऱ्याने निदान केस कापायचे तीस युरोही शंभराने गुणावेत.

पण आकड्यांची ही कुस्ती मला आता कंटाळवाणी वाटते. दोन्हीकडचा खरा फरक नोकरी गेल्यावर दिसतो.

माझ्या कारखान्यात एक वेल्डर होता. वय चव्वेचाळीस, दोन मुलं, आईवडील तुर्कस्तानातून आलेले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची एक लाइन बंद झाली आणि त्याची नोकरी गेली. आधीची सलग बरीच वर्षं विम्याचा हप्ता कापला गेलेला, त्यामुळे त्याला बेकारी भत्ता सुरू झाला. मुलं असलेल्याला निव्वळ पगाराच्या 67 टक्के, नसलेल्याला 60. पन्नाशीच्या आतल्या माणसाला जास्तीत जास्त वर्षभर. रोजगार कार्यालयाने त्याला मालगाडीचा चालक होण्याच्या प्रशिक्षणाचं व्हाउचर दिलं. फी सरकारची, आणि शिकत असताना भत्ताही चालू. एका रविवारी चहाला आला तेव्हा खिशातून सिग्नलच्या चित्रांची कार्डं काढून बसला. माझ्या मुलीने मास्तरीणबाई होऊन त्याची परीक्षा घेतली, दोनदा चुकला, तिने छडी मारल्याचा अभिनय केला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस धंदा बदलत होता आणि त्याच्या घरचं भाडं थकलेलं नव्हतं.

आता माझा भाचा. आयटीआय फिटर, चाकणला ठेकेदारामार्फत कामाला. सात महिने झाले की ‘ब्रेक’. एमआयडीसीत काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. वर्षात 240 दिवस भरले की कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, म्हणून ते भरण्याआधीच त्याला घरी बसवतात आणि नंतर नव्याने घेतात, कधी त्याच गेटवर, कधी शेजारच्या. ब्रेकच्या काळात भाच्याने घरोघरी पार्सल पोचवली, टेम्पो चालवला, एका मित्राबरोबर सीसीटीव्ही बसवले. धंदा बदलण्यात तो माझ्या वेल्डरच्या दहा पावलं पुढे आहे. कुणाची परवानगी नाही, परीक्षा नाही, कार्ड नाही. फक्त प्रत्येक बदलाचा खर्च त्याच्या बापाच्या पेन्शनमधून जातो.

त्याचे वडील जिल्हा परिषदेत होते, 2005 च्या आधी लागलेले, म्हणून जुनी पेन्शन. घरात भत्ता देणारं रोजगार कार्यालय म्हणजे तेच.

म्हणून पोरं सरकारी नोकरीच्या मागे लागतात याचा उपहास इकडून होतो तेव्हा मला राग येतो. अनिवासी मंडळींच्या व्हॉट्सॅप गटावर हा आवडता विषय. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अडतिसाव्या वर्षापर्यंत, आरक्षित प्रवर्गात त्रेचाळीसपर्यंत, एमपीएससी देत बसणाऱ्यांना ‘रिस्क घ्यायला नको यांना’ म्हणून हिणवतात. हे म्हणणारा स्वतः अशा देशात बसलेला असतो जिथे आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो आणि नोकरी गेली तर वर्षभर भत्ता. इथल्या खाजगी वेल्डरला जे कायद्याने मिळालं, ते महाराष्ट्रात बऱ्याच अंशी फक्त सरकारी नोकरीतच मिळतं. मार्च 2023 मधला जुन्या पेन्शनसाठीचा संप आणि त्याच वर्षी कंत्राटी भरतीच्या शासन निर्णयावर उसळलेला संताप (तो निर्णय ऑक्टोबरमध्ये सरकारला मागे घ्यावा लागला), हे दोन्ही मला असेच दिसतात. संपामुळे लोकांचे हाल झाले हे खरंच. पण माणूस पगारासाठी एवढा भांडत नाही, जेवढा पायाखालच्या फळीसाठी भांडतो.

आता इकडची दुसरी बाजू, जी आम्ही मंडळी पुण्यात आलो की सांगत नाही. ‘जर्मनीत प्लंबरला डॉक्टरइतका मान’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. प्लंबरच्या बिलात तासाला सत्तर-ऐंशी युरो असतात हे खरं, येण्याजाण्याचे पैसे वेगळे. पण ते बिल फर्मचं. पाना फिरवणाऱ्या कारागिराला त्यातले वीस-बावीस मिळतात, तेही कर कापायच्या आधी. आणि मानाचं म्हणाल, तर इथे चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियुम. गणेशोत्सवात कारागिरीच्या शिक्षणावर भाषण देणारा आमचा एक मित्र, मुलीला गिम्नाझियुमची शिफारस मिळाली नाही तेव्हा महिनाभर कुणाकडे जेवायला आला नाही. आमच्या घरी शिफारस आली तेव्हा मीही साखर आणून शिरा केला होता. श्रमाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या मुलांनी वाढवावी ही इच्छा सातासमुद्रापार आली तरी सुटत नाही.

शिवाय जर्मनीची आजची हवा जाहिरातीतल्यासारखी नाही. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 पदं कमी करण्याचा समझोता केला. बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 पदांवर कुऱ्हाड चालवण्याचं जाहीर केलं, आणि तिचे बरेच घाव आमच्याच राज्यात पडणार आहेत. परिचारिका हव्या आहेत, बसचालक हवेत, वायरमन हवेत. इंजिनाचे भाग घासणारे मात्र नकोत. भाचा नेमका त्या नकोशांत बसतो, ही एक गंमत.

तरीही इथलं एक मला तिकडे हवंसं वाटतं, आणि ते उचलायला युरो लागत नाहीत. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली: बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने, पुढे मुदत वाढवून अकरा. मुदत संपल्यावर ‘कायम करा’ म्हणून आंदोलनं झाली. वाद सगळा कायम करायचं की नाही यावर झाला. त्या महिन्यांत मुलगा काय शिकला याची परीक्षा आणि सगळीकडे चालणारा दाखला असावा, असं कुणी जोर लावून म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. जर्मनीत शिकाऊ कामगार कारखान्यात आणि शाळेत मिळून दोन ते साडेतीन वर्षं काढतो, त्या काळात कायद्याने ठरलेलं किमान विद्यावेतन मिळतं, आणि शेवटी परीक्षा घेतं उद्योग मंडळ किंवा कारागिरांचं मंडळ. मालक आपल्या मर्जीने पास-नापास करत नाही. तो कागद घेऊन मुलगा हॅम्बुर्गला गेला तरी पुन्हा ‘हेल्पर’पासून सुरुवात करत नाही.

या कागदाचा जाचही आहेच. पंधरा वर्षं मोटर वाइंडिंग केलेला कोल्हापूरचा कारागीर कागद नसेल तर इथे जवळपास अकुशल. पण तिकडे उलटं टोक आहे.

भाचा आता जर्मन शिकतोय, बी-वन या मधल्या पातळीपर्यंत पोचलाय. परीक्षा होईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, असं मी त्याला बजावलंय. आयटीआयचं प्रमाणपत्र इथल्या मंडळाकडे पाठवलं की बहुधा अर्धीच मान्यता मिळते. उरलेली भरून काढायला कामाच्या अनुभवाची पत्रं लागतात, कुठल्या मशीनवर, किती काळ, नेमकं काय. तीन वर्षं तो सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं मशीन, चालवतो आहे. नव्या कामगार संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, नियुक्तिपत्र आता बंधनकारक आहे, म्हणून जरा अवसान आणून तो ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार भला माणूस, त्याने चहा पाजला. म्हणाला, “पत्र देतो की. पण रजिस्टरला तू हेल्पर आहेस, ऑपरेटर लिहिलं तर ऑपरेटरचा पगार द्यावा लागेल मागचा.”