हलकं आहे म्हणून उथळ समजू नका

कॅफेत बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं ते हळुवार गिटार-संगीत, लावून ठेवतात आणि त्यावर सगळे गप्पा मारत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यातही 'ऊ बार्कीन्यू' म्हणजे छोट्या होडीचं गाणं असेल तर जास्तच. ऊन, निळा समुद्र, सरकणारी होडी... ऐकणारा म्हणतो, छान, सुट्टीचं गाणं आहे.

या गाण्याच्या मुळाशी मात्र भीती आहे. संगीतकार रोबेर्तो मेनेस्काल आणि गीतकार रोनाल्दो बोस्कोली मित्रमंडळींबरोबर रिओपासून दूर काबो फ्रिओच्या बाजूला समुद्रात गेले होते. बोटीचं इंजिन बंद पडलं. मेनेस्काल ते पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होता. इंजिन नुसतं फुरफुरायचं आणि थांबायचं. सगळे धास्तावलेले, बोट वाहत चाललेली. त्या फुरफुरण्याच्या ठेक्यावर त्यानं गमतीत सूर धरला, त्यातून पुढे हे गाणं झालं. पण गाण्यात इंजिनही नाही आणि घाबरलेली माणसंही नाहीत. होडी चालली आहे, संध्याकाळ उतरते आहे, एवढंच.

आणि ही संध्याकाळ शब्दांच्याही आधी सुरांत उतरते. एक ओळ संपते आणि गाण्याचा षड्जच एक अख्खा स्वर खाली सरकतो. पुढच्या ओळीनंतर आणखी एक स्वर खाली. चाल तीच, पायाखालची जमीन मात्र वेगळी. हे इतक्या अलगद होतं की धक्का बसत नाही, फक्त उजेड थोडा कमी झाल्यासारखं वाटतं. मला या गाण्यातला आनंद म्हणूनच खरा वाटतो. दिवस संपणार आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो घाई करत नाही.

बोसा नोव्हावर जुना आक्षेप आहे की हे रिओच्या समुद्रकाठी राहणाऱ्या सुखवस्तू पोरांचं संगीत. आक्षेप खोटा नाही. ब्राझीलच्याच बाहिया राज्यातला गायक-गीतकार दोरिव्हाल कायमी याच्या गाण्यांत कोळी समुद्रावर जातो आणि कधी कधी परतच येत नाही. तो समुद्र पोटासाठीचा आहे. मेनेस्कालचा समुद्र हौसेचा. पण बोसा नोव्हाचा सर्वात नावाजलेला गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तोनं १९६१ च्या एकाच तबकडीवर कायमीची दोन गाणी आणि ही होडी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीकडे तोच दबका, कंप नसलेला आवाज, आणि गिटारवर अंगठ्यानं धरलेला सांबाच्या मोठ्या ढोलाचा ठोका. त्याला त्यात विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली. त्या आधीच्या मोकळ्या वर्षांत कुणी एवढ्या निवांतपणे समुद्राकडे पाहिलं, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

जिल्बेर्तोच्या तबकडीच्याच वर्षी, १९६१ मध्ये, ब्राझीलची गायिका मायझानंही हे गाणं गायलं. ती दुःखाच्या गाण्यांसाठी ओळखली जायची. आधी तिचं ऐका, मग जिल्बेर्तोचं. हेडफोन लावून, आणि तेवढा वेळ दुसरं काहीही न करता.