पालथ्या घातलेल्या कुंड्या उताण्या कुणी केल्या?

२७ कुंड्या. एकेक घासून, धुवून, उन्हात वाळवून गच्चीवर टाकीमागच्या कोपऱ्यात विटांवर पालथ्या घातल्या होत्या. काल सकाळी वर गेले तर सगळ्या उताण्या, एकात एक कोंबलेल्या, परवाच्या वळवाच्या पावसाचं पाणी वरच्यांत काठोकाठ. आणि १४ इंची मोठ्या कुंडीत सिमेंट घट्ट बसलेलं, वर थापी तशीच रुतलेली. वॉटरप्रूफिंगवाल्यांना म्हणे घमेलं सापडलं नाही. चार हातांवर तीन घमेली पडली होती, मी मोजली.

सेक्रेटरींना फोन लावला. म्हणाले, "अहो वहिनी, रिकाम्याच तर होत्या."

रिकाम्याच! काल सकाळपासून हा शब्द डोक्यात घण घालतोय. रिकामी कुंडी म्हणजे भंगार का? तुमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं रिकामं असतं तेव्हा त्यात कुणी सिमेंट कालवतं का? त्या कुंड्या रिकाम्या करायलाच मला मेचे दोन आठवडे लागले. जुनी माती उकरायची, गुंतलेल्या मुळांची जाळी ओढून काढायची, काथ्याने आतून घासायचं, तळाच्या भोकातला चिखल काडीने कोरायचा. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे बाहेरून क्षारांचा पांढरा थर असा बसतो की तारेचा ब्रश फिरवून बोटं सोलवटतात. त्यासाठी एक दिवस व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायच्या, मग स्वच्छ धुवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं. दोन्ही एकाच दिवशी करत नाही, कारण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू होतो. मग पुन्हा धुणं, पुन्हा ऊन. कंबर माझी मोडली आणि यांच्या लेखी त्या "रिकाम्याच".

गेल्या वर्षी टोमॅटोला मर लागली होती. सकाळी टवटवीत दिसणारं रोप दुपारी मान टाकायचं, आणि आठवड्यात सहाच्या सहा गेली. त्या सहा कुंड्या मी दोनदा धुतल्या, खडूने फुली मारून वेगळ्या ठेवल्या, यंदा त्यांत टोमॅटो, वांगी, मिरची यातलं काही लावायचं नाही म्हणून. आता सगळ्या एकमेकींत घातलेल्या, खडू पावसाने धुऊन गेलेला. कुठली कुठली कशी ओळखू?

ओल्या मातीच्या कुंड्या एकात एक घालायच्या नसतात हे कुंभाराचं लहान पोरही सांगेल. घालायच्याच तर पूर्ण सुकलेल्या, मध्ये कागद नाहीतर पोत्याचा तुकडा. इथे दोन १० इंची अशा अडकल्या की हलेनात. मध्ये रेतीचे कण, वरून पाणी. हळूहळू फिरवत होते, एका हाताने आतली, एका हाताने बाहेरची. टक् झालं आणि बाहेरचीचा अर्धा काठ माझ्या हातात आला. आतून लालबुंद, कोरा. मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारांकडून मांडीवर घेऊन आणलेली कुंडी ती, सात वर्षं एकही टवका उडाला नव्हता.

आणि कळस पुढेच आहे. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याच कुंड्यांचा फोटो. "गच्चीवर कुंड्यांत पाणी साचले आहे, डेंग्यूचा धोका, संबंधितांनी तातडीने हटवावे." अहो, पालथ्या कुंडीत पाणी साचतं का? डेंग्यूच्या डासाची मादी कुंडीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या वर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. म्हणून तर मी आतून घासते, म्हणून तर पालथ्या घालते! उताण्या केल्या तुम्ही, फोटो काढला तुम्ही, आणि संबंधित मी? फोटोखाली अकरा जणांचे अंगठे. त्यातल्या चौघांनी माझ्याकडून कढीपत्ता नेलाय.

आता निघालंच आहे तर बोलतेच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी "एक कुंडी द्या हो, तुळशीला" म्हणून नेली आणि परत दिली ती बाहेरून लाल ऑइलपेंट फासून. मातीची कुंडी श्वास घेते, अंगातून पाणी बाहेर टाकते, म्हणून मुळं थंड राहतात. रंग फासला की संपलं. नर्सरीवाला भोक नसलेल्या प्लास्टिकच्या कुंड्या विकतो आणि वर सांगतो, "घरी सळी तापवून पाडा." कुंडीत विड्या विझवणारे आहेत. निर्माल्य आणून टाकणारे आहेत, हारातल्या प्लास्टिकच्या दोऱ्यासकट. आणि "एवढं कशाला घासत बसता, नव्या घ्या ना" म्हणणाऱ्यांना तर मला दारातच उभं करायचं नाही.

मृग पाच दिवसांवर आलाय. ट्रेमधली मिरचीची रोपं उंच होऊन वाकायला लागलीत. २७ मधल्या आठ गेल्या: पाच फुटल्या, दोन तडकल्या, एक सिमेंटची. उरलेल्या १९ बाथरूममध्ये भिजत घातल्यात, आज सगळ्यांनाच मर लागलेली आहे असं धरून पुन्हा घासणार. सिमेंटची कुंडी मी सेक्रेटरींच्या दारात ठेवून आलेय. थापीसकट.