न्यूयॉर्कचा उंदीर क्यूट, आमच्या माळ्यावरचा घाण?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्यानं व्हिडिओ टाकला. न्यूयॉर्कच्या सबवेचं स्टेशन, रात्रीची वेळ, आणि रुळाच्या मधनं एक दांडगा उंदीर पावाचा तुकडा तोंडात धरून निवांत चाललाय. खाली लिहिलंय, ‘माझा रोजचा सहप्रवासी’. झालं, सगळ्या ग्रुपला उधाण. ‘किती क्यूट!’, ‘हा तर जिमला जातोय वाटतं’, हसण्याच्या इमोजींची रांग. मी चहा पीत होतो, तो तसाच गार झाला. कारण हाच भाचा, हो हाच, मागच्या डिसेंबरात लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन सोलापूरला आला होता आणि आमच्या घरात एक रात्रसुद्धा धड राहिला नाही. कारण काय? उंदीर.

आमचं घर मधल्या मारुतीजवळ, जुनं, माळ्याचं, आजूबाजूला दुकानं, ज्वारीची आणि शेंगदाण्याची पोती. असल्या जागी उंदीर नाही तर काय मोर येणार आहे? तरी नातसून येणार म्हणून आईनं ह्या वयात सगळं घर काढलं. डबे घासले, फडताळातले कागद बदलले, माळा मला झाडायला लावला आणि खाली उभी राहून कोपरा न् कोपरा दाखवत होती. शेंगापोळ्या केल्या, शेंगाचटणी उखळात कुटली, मिक्सरची नाही चालत तिला. आणि रात्री जेवणं झाल्यावर तुळईवरनं एक उंदीर पळाला. नुसता पळाला ओ, खाली बघितलंसुद्धा नाही त्यानं. नातसुनेनं किंकाळी फोडली, आमचा सहप्रवासीवाला पलंगावर चढला, आणि तासाभरात दोघं बॅगा घेऊन रिक्षानं स्टेशनजवळच्या हॉटेलात. जाताना मला म्हणतो, ‘मामा, तुम्ही राहता कसं इथे?’

आणि आई दारात उभी राहून त्या पोरीला म्हणत होती, ‘माफ कर गं बाळा, मी झाडलं होतं सगळं.’

ते वाक्य डोक्यातनं जात नाही माझ्या. म्हणून आज दुपारी दुकान सांभाळत त्या न्यूयॉर्कच्या उंदरांवरच वाचत बसलो. ती सबवे १९०४ सालची, ४७२ स्टेशनं आणि रात्रीसुद्धा बंद नसते, म्हणजे चोवीस तास कुणीतरी चिप्स सांडतंय, कुणीतरी अर्धं सँडविच रुळावर टाकतंय. उंदराला आणखी काय पाहिजे? बिळं स्टेशनच्या भिंतींत आणि कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या खोल्यांत. २०१५ मध्ये तिथल्या एका उंदराचा पिझ्झाचा तुकडा ओढत जिना उतरतानाचा व्हिडिओ जगभर फिरला, त्याला ‘पिझ्झा रॅट’ असं नाव पडलं, त्याच्या वेषाचे कपडे विकायला आले बाजारात!

बरं, २०११ मध्ये सबवेवाल्यांनी एक अजब उपाय काढला. काही स्टेशनांवरचे कचऱ्याचे डबेच उचलून नेले. डबा दिसला नाही की लोक कचरा आपल्याबरोबर घेऊन जातील म्हणे. उंदीर कमी झाले असं काही दिसेना, शेवटी २०१७ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडं हाच प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे, गुंडाळायचं कुणाला सुचलेलं नाही एवढंच.

पण एक गोष्ट वाचली आणि परत टाळकं सटकलं. २०२२ च्या शेवटी त्या शहरानं उंदरांचा बंदोबस्त करायला एक अधिकारी पाहिजे म्हणून जाहिरात दिली, पगार वर्षाला १ लाख २० हजार ते १ लाख ७० हजार डॉलर. २०२३ मध्ये कॅथलीन कोराडी नावाच्या बाईंना नेमलं, आधी शाळेत शिकवायच्या त्या. त्याच वर्षी कचऱ्याच्या पिशव्या फूटपाथवर आणून ठेवायची वेळ दुपारी चारची होती ती रात्री आठची केली, म्हणजे उंदरांच्या पंगती उशिरा बसाव्यात. तिकडं उंदीर दिसला की लोक महापौराला जाब विचारतेत. आणि आमच्याकडं? आमच्याकडं तुळईवरनं एक उंदीर गेला की घरातली बाई माफी मागती. सगळ्या पेठेचं धान्य, सगळ्या पेठेची गटार, आणि लाज एकट्या माझ्या आईला!

मुंबईत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत फिरणारी महापालिकेची माणसं आहेत, एका रात्रीत ३० मारायचे असा नियम. त्यांच्या व्हिडिओखाली कधी वाचलंय का कुणी ‘किती क्यूट’?

आता कुणीतरी म्हणणारच की फलाटावरचा उंदीर वेगळा आणि स्वयंपाकघरातला वेगळा. आहे फरक, मान्य. लेप्टो होतो त्याच्या मुतानं, तेही मान्य, पण तो तिकडंही होतो. आणि दुकानं बंद करताना आम्ही पेठवाले गटारीत काय काय ढकलतो ते मला माहितेय. ठीकाय. पुढं.

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. चांगला झापायचाच होता. तिकडं सकाळ, पठ्ठ्या रात्रपाळी करून घरी पोचलेला, आवाज पार उतरलेला. मी विषय काढला तर जरा वेळ गप्पच, मग म्हणाला, ‘मामा, उंदीर आमच्या घरातपण आहेत.’ बेसमेंटमधनं भिंतीतनं वर येतेत, घरमालक फोन उचलत नाही, हा रात्रपाळीला गेला की बायको दिवा चालू ठेवून बसती. दोघांनी पाइपाजवळच्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आहे. भाडं किती ते त्यानं सांगितलं, मी इथं लिहीत नाही, तुम्हाला चक्कर येईल. ‘आईला सांगू नका हां,’ म्हणाला. (ताई फेसबुकवर नाही, म्हणून लिहितोय. भाचा आहे, वाचू दे.)

मग मला काही झापता आलं नाही. पोरगं एकटं आहे तिकडं. रात्री फलाटावर उभं राहून उंदराचा व्हिडिओ काढतंय म्हणजे दुसरं कुणी नसंलच बोलायला.

आईला सांगितलं सगळं. तिला वाटलं असतं ना, बरं झालं, आता कळंल? काही नाही. ‘तिकडंबी असतेत व्हय रे? पोर एकटी असती की घरात,’ म्हणाली, आणि लगेच, ‘त्याला सांग, घासणीनं काय होत नाही, काचेचा चुरा सिमेंटात कालवून बुजव म्हणावं.’ तो हॉटेलात गेला त्याबद्दल चकार शब्द नाही! ती विसरली असंल, मी नाही विसरलो. ‘तुम्ही राहता कसं इथे’ म्हणाला होता तो. त्याचं काय ते आजीला स्वतः फोन करून बोल बाबा, सबवेतनं बोललास तरी चालंल, फक्त व्हिडिओ नको पाठवू.

परत यायचं म्हणतेत जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा जत्रेला. आईनं शेंगा आणायला सांगितल्यात आत्तापासनंच. मी म्हटलं आण म्हणतीस तेवढ्या आणतो, पण ह्यावेळी घर काढायचं नाही आणि माफीबिफी तर अजिबात नाही.

आणि हो, कुणाकडं जुना लाकडी पिंजरा पडून असला तर कळवा. ती चिकट पुठ्ठ्याची भानगड नको, अडकलेला उंदीर रात्रभर चिरकतो आणि आई उठून बसती. विषाच्या वड्याही नकोत, माळ्यावर मेला तर शोधायला मलाच चढावं लागतंय. पिंजरा असंल तर मी येऊन घेऊन जातो, अशोक चौकापर्यंत कुठंही.