काळाराम सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता
काळाराम सत्याग्रहावरचा लेख वाचून, नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला हा सत्याग्रह २ मार्च १९३० लाच आटोपला असं वाटतं. त्या दिवशी मोर्चा मंदिराच्या बंद दरवाजांवरून गोदाकाठी वळला, तिथे सभा झाली. दरवाजांवरचा ठिय्या दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया, चारही दरवाजांवर विभागलेल्या. स्त्रिया लेखातून गळाल्यात, हे खटकलं. ९ एप्रिलला सत्याग्रही आणि सनातनी अशा दोन्ही बाजूंनी मिळून रामाचा रथ ओढायचं ठरलं होतं, पण सनातन्यांनी ऐनवेळी रथ पळवला, दगडफेक झाली. (हा दिवस सर्रास रामनवमी म्हणून छापतात, नाशकात रथ निघतो तो कामदा एकादशीला.) स्थानिक सूत्रं दादासाहेब गायकवाडांकडे होती. थांबायचा सल्ला देणारं बाबासाहेबांचं पत्रही त्यांनाच, मार्च १९३४ मध्ये. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यानंतरची, ऑक्टोबर १९३५.