'निर्जन' हा शब्द मी मागे घेते

नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'शिरोळ तालुक्यातला एक शेतकरी' एवढंच लिहिलंय. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री दोनदा लिहायला बसले होते. दोन्ही वेळा स्वतःची बाजू सावरणारंच काहीतरी लिहून झालं आणि ते पुसून टाकलं.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावर मी 'निर्जन देवळातली दुपार' असा लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "मॅडम, लेख छान आहे पण खोटा आहे. माझी बहीण त्या गावात दिलीय. गाव निर्जन नाही. तुम्ही दोन तास सावलीत बसला आणि शांती घेऊन गेला. २०१९ ला त्याच गावाला पाण्याचा वेढा होता, त्यावर एक ओळ नाही. पूजा नाही, अभिषेक नाही, नुसते खांब बघून कसलं अध्यात्म? आणि असले लेख वाचून त्रिपुरी पौर्णिमेला तिथं पाय ठेवायला जागा राहत नाही, ते वेगळंच."

'खोटा' हा शब्द फार लागला. लागला, कारण तो बरोबर आहे.

त्या दुपारी मी देवळात एकटी नव्हते. एक आजी होत्या. त्या आल्या, माझ्याशी बोलल्या, तासभर माझ्या शेजारी बसल्या, आणि मला जे काही मिळालं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्यामुळे मिळालं. लेखात मी त्यांना ठेवलंच नाही. रिकामं देऊळ, वरून पडणारा उजेड आणि खाली मी, असं चित्र लिहिताना बरं वाटत होतं. त्या चित्रात दुसरं माणूस आलं की ते बिघडेल असं वाटलं, म्हणून ते माणूस काढून टाकलं. तुम्हाला आजींबद्दल काही माहीत नव्हतं, तरी नेमकी तीच जागा तुम्हाला खटकली. तेव्हा आता जे राहिलं होतं ते लिहिते.

मी गेले ती मे महिन्यातली दुपार होती, साल २०२३. नृसिंहवाडीला दर्शन झालं, कुरुंदवाडवरून पुढे गेले. दोन्ही बाजूंना ऊस. खिद्रापूरला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. स्वर्गमंडपात शिरले आणि साडेबाराच्या सुमाराला तो उजेड पाहिला. ज्यांनी देऊळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: देवळाच्या पुढचा हा मंडप छताच्या मधोमध गोल उघडा आहे. झाकायचं राहून गेलं असं नाही, तो बांधलाच तसा. त्या गोलाखाली जमिनीवर तेवढ्याच आकाराची गोल शिळा आहे आणि भोवती बारा खांबांचं कडं. खिद्रापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर येतं, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर असतो. मी गेले तेव्हा ते दिवस नुकतेच सरले होते. उजेडाचं वर्तुळ शिळेवर जवळजवळ तंतोतंत बसलं होतं, दक्षिणेकडे वीतभर सरकलेलं. उत्तरेच्या कडेला शिळेचा एक बारीक चंद्रकोरीएवढा भाग सावलीत राहिला होता. मी त्यावर पाय ठेवला, तो गार होता. एक पाऊल पुढे टाकलं तर तळवा भाजला.

हे सगळं लेखात होतं. आता जे नव्हतं ते.

बाबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. ते गेल्यावर पेन्शनचे कागद काढताना खाली एक फाइल सापडली. तपासणीचा रिपोर्ट, तारीख एप्रिलची. बाबा नोव्हेंबरात गेले. म्हणजे सात महिने त्यांना माहीत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नातीचं बारावीचं वर्ष होतं, म्हणून. आम्हाला कळलं तेव्हा धावपळ करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. रडू येत नव्हतं, रागच येत होता. आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं असं ज्यानं त्यानं मला सांगितलं होतं. घराजवळच्या देवळात गेलं की ओळखीच्या बायका हात हातात घ्यायच्या, "फार सोसलं हो त्यांनी" म्हणायच्या, आणि मी मान हलवायचे. ती फाइल मी कुठेही गेले तरी पिशवीत घेऊन हिंडत होते. का, ते सांगता येणार नाही.

मी खांबाला टेकून बसले होते तेव्हा आजी आल्या. हातात पितळेचा तांब्या, काठाला पोचा आलेला. आत गाभाऱ्याकडे गेल्या, पाणी घालून परत आल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "कोण गेलं?"

मी काहीच बोलले नव्हते. चेहऱ्यावरून कळलं असेल. मी म्हटलं, वडील. आणि मग, ज्या बाईला मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं तिला मी सगळं सांगून टाकलं. फाइल काढून दाखवलीसुद्धा. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ती हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि वरून हात फिरवला.

मग म्हणाल्या, "मग रागवा की. मेलेल्यावर रागवू ने असं कोण म्हणलं? ह्यो आत बसलाय त्यो कशानं कोपलाय? बायको गेली म्हणूनच की."

इथली कथा तुम्हाला लहानपणापासून माहीत असणार. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला आणि शंकर कोपला, म्हणून तो कोपेश्वर. विष्णूनं येऊन त्याची समजूत काढली, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक याचं, एक त्याचं. समोर नंदी नाही, कारण सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, आणि तो नंदी नदीपलीकडे कर्नाटकात येडूरला आहे असं सांगतात. ही कथा मी लेखात दोन वाक्यांत उरकली होती, माहिती म्हणून. शिलाहारांच्या काळातलं बांधकाम, यादव राजा सिंघणाचा शके ११३६ मधला दानलेख, खालचे हत्ती, त्यांच्या तुटलेल्या सोंडा, हे सगळं मात्र सविस्तर. आजींनी तीच कथा एका वाक्यात सांगितली आणि मला पहिल्यांदा ऐकू आली. तो राग म्हणजे शोक होता. आणि ज्यांनी हे देऊळ उभारलं त्यांनी त्या रागाला देव मानून त्याच्यावर आठशे-नऊशे वर्षं टिकेल असं छप्पर घातलं.

मग मी आत गेले. पुजाऱ्यांनी दिव्याचा उजेड धरला. दोन्ही लिंगं शेजारी शेजारी. विष्णूनं काय समजावलं असेल ते दगडात कुठून दिसणार? दिसतं ते एवढंच की तो अजून उठून गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत, कसलं अध्यात्म. मला उपनिषदातलं काही सांगता येणार नाही, आणि अभिषेक मी त्या दिवशी खरंच केला नाही. जे अभिषेक करतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, माझी आई आयुष्यभर सोमवार करत आली. पण मला त्या दिवशी जे झालं त्याला दुसरा शब्द सापडत नाही. राग गेला नाही. आजही अधूनमधून येतो. तो लपवायचं मात्र थांबलं. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "बाबांनी फार चुकीचं केलं," आणि ते म्हणता म्हणता सहा महिन्यांत पहिल्यांदा रडले. पुढच्या आठवड्यात फाइल पिशवीतून काढून कपाटात ठेवली. याला मी शांती म्हणते. दोन तासांत मिळाली म्हणून ती हलकी आहे असं मला वाटत नाही. दोन वर्षं झाली, अजून पुरते आहे.

परगावी, अनोळखी देवळातच हे का झालं, याचाही मी विचार केला. घराजवळच्या देवळात मी 'अमक्यांची मुलगी' होते. इथे मी कुणीच नव्हते. त्यामुळे आजींना माझ्याकडून चांगलं वागण्याची अपेक्षा नव्हती. प्रवासातल्या देवळात लोकांना हलकं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे असावं, निदान माझं तरी तसं झालं.

पुराबद्दल. इथे मला बचाव नाही. आजींनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. २००५, २०१९, २०२१, त्या साल सांगत नव्हत्या, 'पैला', 'मोठा' आणि 'परवाचा' म्हणत होत्या. मोठ्या पुरात आधी जनावरं काढली, मग माणसं. धान्याची पोती माळ्यावर चढवली होती, तीही भिजली. परत आल्यावर चुलीत गाळ होता आणि आठ दिवस घराला कुजलेल्या ज्वारीचा वास येत होता. म्हणाल्या, चूल पहिल्यांदा धुतली आणि मग देवळात येऊन एक पायरी धुतली. "एकच?" मी विचारलं. "एकीला एकच येती," म्हणाल्या, "बाकीच्या दुसऱ्यांनी धुतल्या."

हे ऐकूनही मी ते लिहिलं नाही. मी मूळची सांगलीची, कृष्णेचं पाणी चढतं म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. नृसिंहवाडीला गाभाऱ्यात पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा आपण त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो, त्या पाण्यात आंघोळ करतो, आणि त्याच रात्री घरातली माणसं पाण्याची पातळी विचारायला फोन करत असतात. हे दोन्ही खरं आहे. मी लेखात नदीचा फक्त 'संथ' एवढाच उल्लेख केला. मेमध्ये ती संथच असते, पण ज्या नदीनं गावाला तीन बाजूंनी धरलंय तिच्याबद्दल तेवढंच लिहिणं हा कोतेपणा झाला.

गर्दीबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. त्रिपुरीला लोक येतात ते चंद्रासाठी. कार्तिकात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर म्हणजे तेवढाच उत्तरेला, म्हणून मध्यरात्री तो खिद्रापूरच्या जवळपास माथ्यावर येतो आणि त्या गोलातून आत उतरतो. हे पाहावंसं वाटणं गैर नाही, ते पाहायला मिळावं म्हणूनच कुणीतरी ते छत उघडं ठेवलं असावं असं मला मनापासून वाटतं. लोक शिळेवर चढून, एकमेकांना ढकलून मोबाइल वर धरतात, प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच टाकतात, ते चुकतं. माझ्या लेखात कसं जावं ते होतं, कसं वागावं ते नव्हतं. तेवढा भाग मी आज जोडला आहे. लेखाचं नावही बदललंय, 'निर्जन' काढलंय आणि पुराचा भाग घातलाय. जुना मजकूर खाली तसाच ठेवला आहे, म्हणजे तुम्ही कशाबद्दल बोललात ते वाचणाऱ्याला कळेल.

एक विनंती आहे. निघताना आजींनी मला जेवायला बोलावलं होतं. भाकरी आणि आंबट चुका होता म्हणाल्या. गाडी थांबली आहे, उशीर होतोय, असं सांगून मी निघाले. नावही विचारलं नाही. तुमच्या बहिणीला कदाचित त्या माहीत असतील. दुपारी देवळात पाणी घालायला येतात, तांब्याच्या काठाला पोचा आहे, डाव्या पायानं थोड्या लंगडतात. भेटल्या तर सांगा, फाइलवाली बाई पावसाच्या आधी येते आहे, आणि या वेळी जेवून जाईल.