एका गायीवर तीस एकर? आधी हिशेब मांडू

सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस, ज्वारी आणि डाळिंबवाल्यांच्या गटांवर एक मजकूर जोरात फिरतो आहे. एका देशी गायीवर ३० एकर शेती होते, शेण-गोमूत्राचं जीवामृत दिलं की दुसरं खत नको, डाळिंबावरचा तेल्या रोग आपोआप जातो, पहिल्याच वर्षी फरक दिसतो, आणि विकली गेलेली माध्यमं हे दाखवणार नाहीत, असं त्यात म्हटलंय. रासायनिक खतं कमी व्हायलाच हवीत. पण अशा मजकुरावर विसंबून ज्याची बाग जाते, तो सेंद्रियकडे पुन्हा फिरकत नाही.

३० एकरांचा आकडा हवेतला नाही. गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते. तेवढं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी; सावलीत ४८ तास ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. एक पिंप एका एकराला, महिन्यातून एकदा. म्हणजे महिन्याला ३० पिंपं. गुणाकार बरोबर आहे. पिंपात काय आहे, ते मात्र कुणी मोजलं नाही. शेणातून ५० ग्रॅमच्या आसपास नत्र, गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम, बेसनातून ७०. सगळं मिळून पाव किलोच्या आत. दहा क्विंटल ज्वारीच्या नुसत्या दाण्यांतून १६ किलोच्या आसपास नत्र रानाबाहेर जातं, कडब्याचं वेगळंच. चार महिन्यांत चार पिंपं ओतली तरी एक किलो भरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जीवामृत हे खत नाही, जमिनीतले जिवाणू वाढवणारं विरजण आहे. मान्य, पण विरजणाला दूध लागतं, म्हणजे जमिनीत कुजणारा पाला-काडी. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतच बीजामृत (बियाण्यावरची प्रक्रिया), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही राखणं) अशी चार अंगं आहेत. फिरणाऱ्या मजकुरात एकच उरलं. उसाचं एकरी तीन-चार टन पाचट (वाळलेली पानं) न पेटवता सरीत ठेवणं, ताग किंवा धैंचा हिरवळीचं खत म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास गाडणं, द्विदल आंतरपीक, कुजलेलं शेणखत: मेहनत इथे आहे. पाचटातही गोम आहे. नुसतं पाचट कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) पिवळा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. युरियाचं नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी पाचट पेटवण्याशी तुलना करून बघावी.

पहिल्या वर्षी पीक चांगलं येतं, हे अनेकदा खरंही असतं. मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात मालदांडी ज्वारी साठलेल्या ओलीवर येतेच, त्याचं श्रेय पिंपाला कसं देणार? इतरत्र मागच्या वर्षांच्या खताची शिल्लक कामी येते. तिसऱ्या वर्षाचा एकरी उतारा विचारा.

तेल्याचा दावा सर्वांत धोक्याचा. हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. तो पावसाच्या थेंबांनी उडतो, छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, रोगट कलमांबरोबर बागेत येतो, गळलेल्या पानाफळांत टिकून राहतो. त्यावर इलाज म्हणजे निरोगी कलमं, झाडाला तीन-चार महिने विश्रांती, पावसाळ्यातल्या मृग बहाराऐवजी पावसानंतरचा हस्त बहार धरणं, रोगट फांदी डागाच्या दोन इंच खाली कापणं, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणं आणि पडलेला पाला-फळं गोळा करून जाळणं. छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद (तांब्याचं क्षार), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवायचं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अशी फवारणी पानं जाळते. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. सेंद्रिय शेतीतही तांबं मर्यादेत चालतं, पण ते जमिनीत साठतं, म्हणून फवारण्या मोजून. जीवामृत जमिनीसाठी द्या हवं तर, दुपदरी कापडातून गाळून. नाहीतर ठिबकच्या तोट्या बंद पडतात.

राहिलं माध्यमांचं. ती हे दाखवत नाहीत, हे धादांत खोटं. उलट ‘यशोगाथा’ म्हणून ती असले दावे फार सहज छापतात. क्षेत्र किती, जमीन कसली, पाणी कुठलं, आधी काय टाकलं होतं, माती परीक्षणाचा अहवाल आहे का, मजुरीचा खर्च धरला का, हे प्रश्न बातमीत नसतात. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. तेल्याची बातमी तिथे विचारल्याशिवाय छापायचं कारणच काय? आणि यशोगाथेच्या तळाशी जिवाणू कल्चरच्या बाटलीसाठी मोबाइल नंबर असेल, तर ती जाहिरात आहे. बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, असं भारतीय प्रेस परिषदेचे निकष सांगतात. त्या चौकटीवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक अक्षरांत हवा.